दिगंबर सोनटक्केचे दहा यार्ड

दिगंबर सोनटक्के कुठलीही वस्तू फेकत नाही. "गाडीची किल्ली टाक रे इकडे," असं तुम्ही म्हणालात, तर तो खुर्चीवरून उठेल, अख्खं अंगण ओलांडून येईल आणि किल्ली तुमच्या तळहातावर ठेवेल. एकदा आमच्याकडच्या बार्बेक्यूला कुणीतरी लांबून त्याच्याकडे पाव भिरकावला. दिगंबरने हात पुढे केलाच नाही. पाव त्याच्या छातीवर आपटून गवतात पडला आणि तो शांतपणे म्हणाला, "वस्तू फेकायची नसते, पोचवायची असते."

असा माणूस फुटबॉलच्या टीमचा कोच झाला, तर ती टीम कशी खेळेल हे वेगळं सांगायला नको. तरी मी सांगणार आहे. कारण ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय आणि अजून मला ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दिगंबर हा क्वेकर्स हिलमधला आमचा शेजारी. मूळचा कराडचा, पुण्यात इंजिनीअर झालेला, पुढे शिकायला सिडनीला आला आणि इथलाच झाला. पुलांची डिझाइनं तपासणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. गाडी चालवताना पूल लागला की तो वेग कमी करून वर बघतो आणि शेजारी बसलेली माधुरीवहिनी डोळे मिटून घेते. "भार कुठून कुठे जातो ते बघ," हे त्याचं लाडकं वाक्य. मुलीचं दप्तर, महाराष्ट्र मंडळातली भांडणं, आमच्या घरातला सोफा हलवण्याचा प्रश्न, सगळीकडे त्याला आधी भार कुठे जातो ते बघायचं असतं.

त्याच्या घरासमोर एक मैदान आहे. तिथे आठवड्यातून दोनदा हेल्मेट घातलेली धिप्पाड माणसं एकमेकांवर आदळायची. हे अमेरिकन फुटबॉल. ज्या देशात स्वतःचेच तीन-चार प्रकारचे फुटबॉल आहेत, तिथे हे परकं फुटबॉल खेळणारे म्हणजे मुळातच जरा सटकलेले लोक. दिगंबर दोन वर्षं व्हरांड्यात चहा पीत त्यांच्याकडे बघत होता. मग एके दिवशी नऊ ग्राफपेपर घेऊन तो रस्ता ओलांडून गेला.

खेळ समजायला सोपा आहे. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा. नेलात की आणखी चार प्रयत्न. न्यायचे मार्ग दोन. लांब फेकायचा आणि आपला कुणीतरी झेलेल अशी आशा करायची, किंवा पोटाशी धरून समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसायचं. आमची टीम तीन वर्षं फेकत होती आणि तीन वर्षं हरत होती.

"फेकताना एक जण फेकतो, एक जण झेलतो," दिगंबर त्यांना म्हणाला. "बाकीचे बरेचसे काय करतात? बघत बसतात. चेंडू घेऊन पळायचं ठरवलं की अकराच्या अकरा जणांना काम मिळतं."

ते हसले. त्यांनी त्याच्याकडे पाण्याच्या बाटल्यांचं काम दिलं. त्याने तेही मनापासून केलं. प्रत्येक बाटली ज्याच्या त्याच्या हातात नेऊन दिली.

मग कोविड आला आणि त्याचे दिवस फिरले. चेंडू फेकणारा पर्थला कामाला गेला होता, तो राज्याची सीमा बंद झाल्यामुळे तिकडेच अडकला. कोच क्वीन्सलंडला राहायला गेला. कमिटीला ग्राफपेपरवाला आठवला. दिगंबर रीतसर कोच झाला, बाटल्या त्याने माझ्याकडे सोपवल्या, आणि दुसऱ्याच आठवड्यात सिडनीत लॉकडाऊन लागला.

कमिटीची ईमेल आली. लॉकडाऊन उठल्यावर पहिल्या मॅचला किमान बावीस खेळाडू मैदानात उभे राहिले नाहीत, तर टीम बंद. दिगंबरने ती ईमेल छापून फ्रिजवर लावली.

त्या घरात तेव्हा तो एकटाच होता. माधुरीवहिनी आणि मुलगी जानेवारीत परवानगी काढून नाशिकला गेल्या होत्या, वहिनीच्या वडिलांच्या आजारपणासाठी. परतीची तिकिटं तीनदा काढली, तिन्ही वेळा विमान रद्द झालं. त्याबद्दल तो फारसं बोलत नसे. विचारलं तर "होईल ना," म्हणायचा आणि लगेच विषय टीमवर आणायचा.

एका रविवारी तो आमच्या दारात मास्क लावून उभा. "अनघा, तुझा मिसळणाचा डबा दे," माझ्या बायकोला म्हणाला. "माझा काचेच्या झाकणाचा आहे. कॅमेऱ्यात चमकतो."

त्या डब्यावर त्याने अख्खी टीम उभी केली. डब्यात वाट्या सात, आणि त्याच्या लाडक्या चालीला लागणारी माणसंही सात. झूमवर चोवीस चौकोन, आणि मधल्या चौकोनात दिगंबर वाट्या सरकवतोय. पुढच्या रांगेत मेथी, हिंग, जिरं, मोहरी आणि धनेपूड. त्यांच्या मागे हळद. सगळ्यात मागे चेंडू घेऊन तिखट. "तिखट डावीकडे," असं तो ओरडला की मेथी आणि हिंगाने मिळून समोरच्या एकाला ढकलायचं. हळदीने बाहेरच्या गड्याला अडवायचं. आणि उजवीकडच्या मोहरीने आपली जागा सोडून, सगळ्यांच्या मागून वळसा घेऊन, डावीकडे पडलेल्या खिंडारात शिरायचं. तिखट तिच्या मागोमाग. त्याच्या वहीत चाली आणखीही होत्या, पण त्या सगळ्या याच चालीच्या बहिणी.

नावं मसाल्यांची का, असं मी विचारलं. "समोरच्यांना कळू नये म्हणून," तो म्हणाला. "सिडनीत मराठी कुणाला कळतंय?"

आमच्या इराने चार दिवस दम काढला, मग जाहीर केलं, "डॅड, एव्हरीथिंग टेस्ट्स लाइक हॉस्पिटल फूड. आस्क काका टु गिव्ह द डब्बा बॅक." मी विचारायला गेलो. दिगंबर म्हणाला, "आत्ता कसा देऊ? टीम आत आहे."

व्यायामाला दोघांनी बाहेर पडायची मुभा होती, म्हणून तो मला ड्राइव्हवेवर घेऊन जायचा. लाल, पिवळ्या आणि हिरव्या झाकणांचे कचऱ्याचे डबे म्हणजे समोरची टीम. मी मोहरी. त्या डब्यांना वळसे घालून माझं चार किलो वजन उतरलं. पलीकडच्या घरातली ग्रीक आजी खिडकीतून बघत बसायची आणि मी चुकलो की मान हलवायची.

रोज संध्याकाळी सहाला तो फोनवर तोंडी परीक्षा घ्यायचा. ज्याला आपलं काम नीट सांगता आलं त्याचं नाव यादीतून खोडायचा, त्याला पुन्हा फोन नाही. बाटल्या सांभाळायच्या तरी खेळ कळायला हवा, म्हणून परीक्षा मलाही होती. दोन आठवड्यांत बहुतेक यादी खोडून झाली. उरला केव्ह. केव्ह म्हणजे खरी मोहरी. पन्नाशीचा प्लंबर, मान नसलेला माणूस. त्याच्या डोक्यात काही शिरतच नव्हतं. कुंपणापलीकडून मला रोज दिगंबरचा आवाज यायचा, "नो केव्ह, यू आर मोहरी. मोहरी डझ नॉट स्टँड. मोहरी गोज." पाऊण पाऊण तास हे चालायचं.

पुढे तर भलतंच सुरू झालं. पास झालेले नापास व्हायला लागले. "सेमीला मागच्या आठवड्यात सगळं येत होतं," दिगंबर चिंतेने मला म्हणाला. सेमी म्हणजे तिखट, गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा, टोंगा बेटांवरचा आडदांड गडी. "आता त्याला हिंग कुठे आणि मेथी कुठे आठवत नाही. लॉकडाऊनचा डोक्यावर परिणाम होतोय रे लोकांच्या." आणि तो नव्या दमाने फोनला बसला.

शेवटी लॉकडाऊन उठला आणि मॅचचा शनिवार उजाडला. बारा वाजता मैदानात तेरा जण. साडेबाराला एकोणीस. कमिटीचा माणूस हातात कागद घेऊन उभा. दिगंबर नुसता रस्त्याकडे बघत होता. पावणेएकला केव्हची यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, धुरळा उडवत आली आणि तिच्यातून केव्हसकट तिघे उतरले. बावीस. कमिटीच्या माणसाने कागदाची घडी करून खिशात घातली, आणि दिगंबर मास्कच्या आत काय पुटपुटला ते मला ऐकू आलं नाही.

माझ्या फोनवर नाशिकहून माधुरीवहिनी. तिकडे सकाळचे सव्वासात. "त्याने टोपी घातलीय का?" तिने आधी विचारलं. मग, "स्कोअर किती?"

पहिल्या हाफमध्ये आम्ही मागे पडलो, पण चिवटपणे. तीन यार्ड, चार यार्ड, पुन्हा तीन. दिगंबर बाजूने ओरडतोय, "तिखट डावीकडे", आणि बावीस जण मान डोलावताहेत. दुसऱ्या हाफला समोरच्यांनी एक ठेंगणासा गडी मैदानात आणला. दिगंबर ओरडला, "तिखट डावीकडे." त्या गड्याने कान टवकारले आणि आपल्या लोकांना इंग्रजीत ओरडून सांगितलं की ते डावीकडे येताहेत. चाल जागच्या जागी ठेचली गेली. गडी उठला, हेल्मेटमधून दिगंबरकडे बघून म्हणाला, "सॉरी काका. आम्ही वेंटवर्थव्हिलचे. मूळ सातारा."

मी कपाळाला हात लावला. फोनमध्ये वहिनी खो खो हसत होती. आता चाल बदलणार की नाव, एवढाच प्रश्न होता. दिगंबरने मिनिटभर विचार केला. मग टोपी सारखी करून, साताऱ्याच्या गड्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तिखट डावीकडे. परत डावीकडेच. तुझ्या टीमला सांग बाळा, सगळ्यांना सांग."

त्याने सांगितलंही. आणि मेथी-हिंगाने एकाला उचलून मागे टाकलं, हळद बाहेरच्यावर आदळली, आणि उजवीकडून केव्ह निघाला. पन्नाशीचा, मान नसलेला केव्ह, चार महिने ज्याला हे जमत नव्हतं तो, सगळ्यांच्या मागून अचूक वळला, खिंडारात शिरला आणि साताऱ्याला त्याने अलगद बाजूला केलं. सेमी सहा यार्ड गेला. पुन्हा तेच. पाच यार्ड. पुन्हा तेच. समोरच्यांना प्रत्येक वेळी माहीत होतं आणि प्रत्येक वेळी ते मागे सरकत होते. चौदा वेळा डावीकडे जाऊन सेमी शेवटच्या रेषेपलीकडे पडला, त्याच्या अंगावर केव्ह, आणि केव्हच्या अंगावर आमची निम्मी टीम. मी बाटल्या टाकून धावत सुटलो. फोनमधल्या वहिनीला नुसतं आकाश दिसत होतं, पण तीही ओरडत होती.

मॅच आम्ही तीन गुणांनी हरलो. आमचा जल्लोष बघून जिंकलेल्यांनी दोनदा स्कोअरबोर्ड तपासला.

नंतर मैदानाच्या कडेला सॉसेज भाजणं चालू होतं. मी केव्हजवळ बसलो आणि म्हणालो, "आज तुला एकदम कसं जमलं?"

केव्हने आधी दिगंबर कुठे आहे ते बघून घेतलं. दिगंबर प्रत्येकाच्या हातात पाव नेऊन देत होता.

"मला पहिल्याच आठवड्यात पाठ होतं, मेट," केव्ह म्हणाला. "पण बरोबर सांगितलं असतं तर दोन मिनिटांत फोन संपला असता. चुकलं की पाऊण तास चालायचा. मग मी विचारायचो, डिग्स, जेवण झालं का? काय बनवलंस? बरेचदा काहीच बनवलेलं नसायचं. मग फोन चालू ठेवून तो भात लावायचा." त्याने सॉसेजचा घास घेतला. "पुढे मला रोज जमेना, म्हणून रोस्टर लावला. मंगळवार-गुरुवार सेमी चुकायचा."

मलाही फोन यायचा ना. मी पडलो आयटीतला हुशार माणूस, पहिल्या तीन दिवसांत सातही वाट्यांची कामं मी घडाघडा म्हणून दाखवली, दर संध्याकाळी फोन नको म्हणून. "शाबास सुहास," तो म्हणाला आणि त्याने माझं नाव खोडलं. त्यानंतर चार महिने त्याचा आवाज मी कुंपणाच्या अलीकडून ऐकला आणि बायकोला म्हणालो, काय चिवट माणूस आहे. मला स्वतःची खरोखर लाज वाटली.

दिगंबर पाव घेऊन माझ्यापर्यंत आला. माझ्या हातात ठेवला.

"दिगंबर," मी म्हणालो, "मोहरी उजवीकडून निघते, तेव्हा आधी कुठला पाय टाकायचा? माझ्या नीट लक्षात नाही राहिलं."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग हातातली पिशवी खाली ठेवली, केव्हला जरा सरकायला सांगितलं आणि माझ्या शेजारी ऐसपैस बसला.