कार्ड उशिराने धावत आहे

धर्मेंद्रने आपलं जुनं ग्राफिक्स कार्ड विकलं, तेही पुरता विचार करून. मूर्तिजापुरात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ होता. लग्नाचे व्हिडिओ कॉम्प्युटरमधल्या ज्या भागाच्या जोरावर तयार होतात, तो हा भाग पाच वर्षं जुना झाला होता आणि एप्रिलमध्ये नवीन, दुप्पट ताकदीचं कार्ड बाजारात येणार होतं. नवीन आलं की जुन्याला कुणी विचारत नाही, तेव्हा ते मार्चमध्येच काढलेलं बरं. अमरावतीच्या शेखरच्या दुकानात त्याने ते देऊन टाकलं आणि नवीनसाठी यादीत पहिलं नाव लावलं. महिनाभर काम थांबलं तर काय बिघडतं, असा त्याचा सवाल होता.

बिघडण्यासारखी गोष्ट एकच होती. त्याची धाकटी बहीण नीलम हिचं लग्न फेब्रुवारीत झालं होतं. चित्रीकरण भावानेच केलं होतं आणि ते सगळं हार्ड डिस्कमध्ये तसंच पडून होतं. नीलम नवऱ्यासोबत बंगळूरला गेली आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. लग्नाच्या दिवशी आई चतुराबाई सगळा वेळ पाहुण्यांचं जेवणखाण बघत होत्या, लेकीचं लग्न त्यांनी धड पाहिलंच नव्हतं. ते त्यांना आता बघायचं होतं.

"धर्मा, कवा दाखवशीन रे?"

"माय, घाईघाईनं काय दाखवू तुले? नवीन कार्ड येऊ दे. नीलमच्या पांढऱ्या साडीचा धागा न् धागा दिसन."

"मले धागा नाई पायचा. पोरगी पायची हाये."

हे बोलणं देवमनजींनी ऐकलं. धर्मेंद्रचे वडील देवमनजी शकुंतला गाडीवर गार्ड होते. ते निवृत्त झाले, पुढे ती छोटी गाडीही थांबली, पण वेळापत्रकाची सवय काही थांबली नाही. घरात कोण केव्हा येणार, कोण जाणार, हे ते दाराबाहेरच्या काळ्या पाटीवर खडूने लिहीत. त्यांनी लगेच पाटी पुसली आणि वळणदार अक्षरात लिहिलं: 'ग्राफिक्स कार्ड. आगमन १४ एप्रिल.' जयंतीच्या दिवशी नवीन वस्तू घरात यावी, ही त्यांची इच्छा.

जयंती झाली, मिरवणूक झाली, कार्ड आलं नाही. शेखरचा फोन आला.

"धर्मेंद्रभाऊ, कंपनीनं तारीख पुढं ढकलली."

"काहून?"

"दुसऱ्या कंपनीनं सांगतलं का आमचं याच्याहून भारी येऊन राहिलं. म्हणून हे थांबले. आता हे थांबले म्हणून ते बी थांबले."

पंगतीत दोन व्याही 'तुम्ही आधी बसा' म्हणत उभे राहतात आणि बाकीची पंगत ताटकळते, तसला हा प्रकार होता. देवमनजींनी पाटीवर 'एक महिना उशिरा' अशी भर घातली आणि नवी तारीख बुद्धपौर्णिमेची दिली. पौर्णिमेलाही शेखरचाच फोन आला. आता म्हणे कारखान्यात कुठलासा भाग कमी पडत होता. जूनमध्ये पाटीवर 'अनिश्चित काळ उशिरा' झळकलं.

ती पाटी रस्त्यावरच असल्याने येणारा-जाणारा वाचायचा. लोक थांबून चौकशी करू लागले.

"देवमनजी, कार्ड कुठवर आलं?"

"मागच्या स्टेशनावर उभं हाये. सिग्नल नाई भेटून राहिला."

यात धर्मेंद्रचं भलतंच नुकसान झालं. पाटी वाचून गिऱ्हाइकं आधी खूश झाली. नत्थुजी नावाचे एक शेतकरी तर मुद्दाम येऊन सांगून गेले, "आमच्या किशोरच्या लग्नाचं बी नव्या कार्डावरच करा, आमाले घाई नाई." जुलैत तेच नत्थुजी परत आले. सूनबाईला दिवस गेले होते. "बारशाच्या पयले लग्नाचं पाहून घेऊ म्हनतो," एवढंच म्हणून त्यांनी आपलं चित्रीकरण मागून घेतलं आणि समोरच्या पियुषच्या दुकानात शिरले. एकेक करत बाकीचेही रस्ता ओलांडून गेले. पियुषने दुकानावर 'व्हिडिओ आठ दिवसांत' एवढंच लिहिलं होतं.

धर्मेंद्रची झोप उडाली. आठ दिवसांत होतं म्हणजे या पोराने नक्कीच कुठून तरी नवीन कार्ड आधी मिळवलं, असा त्याने निष्कर्ष काढला. शेखरला फोन लावला.

"पियुषचं नाव यादीत कितवं हाये?"

"त्याचं नावच नाई यादीत."

"तू लपवून राहिला माह्यापासून."

"आता नसलेलं नाव म्या कसं लपवू, भाऊ?"

मधल्या काळात दुसरं साधं कार्ड घ्यावं, असं माधवीने, म्हणजे त्याच्या बायकोने, चारदा सुचवलं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. न समजणाऱ्याला पुन्हा पुन्हा सांगायची तिला सवय होती. पण धर्मेंद्रच्या लेखी नवीन कार्ड दर वेळी एकाच महिन्यावर आलेलं असायचं, आणि एका महिन्यासाठी कुणी कार्ड घेतं का? शेवटी तिने सांगणं सोडलं. ऑगस्टमध्ये एकदा हार्ड डिस्क कपाटात उलटी ठेवलेली त्याला दिसली. माधवी म्हणाली, धूळ पुसली. चतुराबाईही महिनाभर व्हिडिओचं नाव काढेनात. धर्मेंद्रला ते मनाला लागलं. माय आशा सोडून बसली, असं त्याला वाटलं. दोन दिवस त्याला नीट जेवण गेलं नाही. मग तिसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून विचारलं, "झालं का रे?" आणि त्याला हायसं वाटलं.

कार्ड आलं ते थेट ऑक्टोबरात. देवमनजींनी पाटीवर 'आलं' एवढंच लिहिलं. धर्मेंद्रने आठ दिवस दार बंद करून काम केलं. खरोखर धागा न् धागा दिसत होता. हललेलं, तिरपं, चुकून सुरू राहिलेलं सगळं त्याने काढून टाकलं. रविवारी संध्याकाळी अंगणात मोठा टीव्ही लावला, गल्लीला बोलावणं गेलं. देवमनजींनी पियुषलाही बोलावलं. धर्मेंद्र मनात म्हणाला, येऊ दे, पाहू दे त्याला.

व्हिडिओ सुरू झाला. विहारातली वंदना झाली, हार घालून झाले. नवरदेवाचे मावसे आशीर्वादपर दोन शब्द बोलायला उठले. ते माइकजवळ पोचायच्या आतच अंगण हसायला लागलं. पुढे माइक बंद पडला आणि त्यांना ते पाच मिनिटं कळलं नाही, हे खरं. पण ते बंद पडणार हे या लोकांना आधीच कसं कळलं? धर्मेंद्रला जरा विचित्र वाटलं.

मग निरोपाचा प्रसंग आला. नीलम गाडीत बसली.

"आता उतरते पाह्य," शेजारच्या जयवंताबाई पुटपुटल्या.

नीलम खरंच गाडीतून उतरली, धावत आली आणि मायच्या बीपीच्या गोळ्यांची डबी पर्समधून काढून तिच्या हातात देऊन गेली. टीव्हीवर अक्षरं आली, संपलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, धर्मेंद्रने मान लववली. चतुराबाई मात्र टीव्हीकडेच बघत होत्या.

"धर्मा, तुयं रडनं कुठं गेलं?"

"कोनतं रडनं?"

"गाडी गेल्यावरचं. पियुषच्यात हाये ना."

माधवीने कपाळाला हात लावला. देवमनजी उगाच खडू शोधायला लागले. मागच्या खुर्चीवरून पियुष उठला.

"दादा, रागावू नका. वहिनींनी हार्ड डिस्क आनून देली होती ऑगस्टात. काकू रोज नीलमताईचे फोटोच पाहत बसतात म्हने. म्या करून देलं. पैसे नाई घेतले."

"कोनत्या कार्डावर?" धर्मेंद्रला पहिला प्रश्न हाच सुचला.

"तुमच्याच. शेखरभाऊकून घेतलं मार्चात. चांगलं चालते, दादा. तुमी काहून इकलं?"

धर्मेंद्रने उलट विचारलं, "मंग तुमी सारे मले दर महिन्याले काहून विचारत होते, झालं का झालं का?"

"तुले वाईट वाटलं असतं," चतुराबाई म्हणाल्या. "तू एवढा जीव लावून बसला होता."

त्या आत जाऊन शेवयांच्या डब्यातून पेनड्राइव्ह घेऊन आल्या. कुणीच उठलं नाही. तोच व्हिडिओ सगळे आता सहाव्यांदा का सातव्यांदा पाहत होते. चित्र थोडं धूसर होतं, साडीचा धागा काही दिसत नव्हता. गाडी निघून गेली. कॅमेरा खुर्चीवर तिरपा ठेवलेला, चालूच राहिलेला. त्या तिरप्या चौकटीत धर्मेंद्र उभा होता, लेन्स पुसायच्या फडक्याने डोळे पुसत. बहिणीच्या अख्ख्या लग्नात तो फक्त इथेच दिसत होता. दहा सेकंदांत ते संपलं.

धर्मेंद्र म्हणाला, "हे जरासं अजून ठेवाले पाह्यजे होतं."

"होतं ना, दादा. पुढं चार मिनिटं रडले तुमी," पियुष संकोचून म्हणाला. "लोक कटाळतीन म्हनून म्या कापलं."

"मी नसती कटाळली," चतुराबाई म्हणाल्या.