दहा मीटर आणि बहात्तर शुभेच्छुक

आमच्या गावातल्या एका मुलीला दहा मीटर जागा हवी होती. विकत नको होती, नावावर नको होती. रोज दोन तास, सरळ, मध्ये खांब नसलेली, एवढीच अट. आष्ट्याच्या अलीकडे वसलेल्या, चार मंगल कार्यालयं, तीन पतसंस्था आणि एक बंद पडलेला नाना-नानी पार्क असलेल्या आमच्या गावाला ही मागणी जड जाण्याचं कारण नव्हतं. ती आम्ही पूर्णही केली. मात्र कशी केली याबद्दल बाहेर बरेच गैरसमज पसरले आहेत आणि क्रीडाप्रेमी नागरिक मंचाचा सचिव या नात्याने ते दूर करणं मला भाग आहे. मी गंगाधर. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. माझ्या टेबलावरून गेलेल्या कागदात काना-मात्रेची चूक कधी निघाली नाही. कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचलं का, हा प्रश्न दुसऱ्या टेबलाचा होता.

मुलीचं नाव सृष्टी. अकरावीत आहे. तिचा बाप धुळा जतकडचा मेंढपाळ. ऊस तुटला की आमच्याकडचे शेतकरी खतासाठी त्याची मेंढरं रानात बसवून घेतात, त्यामुळे तो वर्षातले सहा महिने इकडेच असतो. मुलगी शिक्षणासाठी आजीबरोबर गावात खोली घेऊन राहते. एनसीसीत तिने बंदूक हातात घेतली आणि तिचा नेम पाहून धुळ्याने चौदा मेंढरं विकून तिला एक जुनं एअर पिस्तूल आणून दिलं. विभागीय स्पर्धेत ती दुसरी आली. आता पाच महिन्यांनी पुण्यात राज्य स्पर्धा होती, आणि तिथे पाचशे साठ गुण पडले तर पुढे राष्ट्रीय. नाहीतर पिस्तूल ठेवून द्यायचं आणि मामाने आणलेल्या स्थळाचा विचार करायचा, असं घरात ठरलेलं होतं.

जवळची शूटिंग रेंज म्हणजे सांगलीत, विश्रामबागेत. रेंज उत्तम होती, पण पैसे तासावर. धुळा सगळा हिशेब मेंढरांत करतो.

"आवं सेक्रेटरी," तो माझ्या ओसरीवर बसून म्हणाला, "त्या भावानं सपर्दा येईस्तोवर पोरगी ऱ्हाईल, मेंढरं ऱ्हायची न्हाईत. गावातच कुटं दहा मीटर मिळंल काय? माझी दीडशे मेंढरं बसवाय कुनीबी रान देतंय. पोरीला हुबं ऱ्हायला तेहतीस फूट मिळंना."

मी भारावलो. एवढ्यात आमच्या सौ., अनसूयाबाई, चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आपली गच्ची एक्केचाळीस फूट आहे की."

धुळा गेल्यावर मी तिला शांतपणे समजावलं, की सार्वजनिक प्रश्न असे घरच्या घरी सोडवले तर संस्थांनी करायचं काय? शिवाय गच्चीवर नुकतीच फरशी बसवली आहे.

मी ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला. तो महिन्याभरात मंजूर झाला, हे मुद्दाम नमूद करतो. वाचनालयावरचा चाळीस फुटी हॉल 'नेमबाजी सराव केंद्र' म्हणून विनामूल्य मिळाला. सृष्टी त्याच संध्याकाळी पिस्तूल घेऊन आली. मंचाचे अध्यक्ष उदयसिंह यांनी तिला प्रेमाने परत पाठवलं. उद्घाटनाआधी सराव करणं म्हणजे पाहुण्यांचा अवमान झाला असता. उदयसिंहांचा डिजिटल फलक छापण्याचा व्यवसाय आहे आणि तो निव्वळ योगायोग आहे.

पाहुण्यांची तारीख अठरा दिवसांनी मिळाली. उद्घाटन म्हटलं की व्यासपीठ आलं. लाकडी व्यासपीठ पाहुण्यांच्या वजनाला पुरेल का याबद्दल बांधकाम समितीने शंका काढली, म्हणून ते विटांचं बांधलं. त्यात आठ फूट गेले. पहिली गोळी पाहुण्यांच्या हस्ते सुटणार होती.

"पाहुण्यांचा नेम चुकला तर?" मी विचारलं.

"चुकंल कशाला?" उदयसिंह म्हणाले. "टारगेट फुडं घ्या की."

टारगेटची लोखंडी चौकट बारा फूट पुढे घेतली आणि कार्यक्रमात हलू नये म्हणून सिमेंटात बसवली. पाहुण्यांचा नेम लागला. टाळ्या झाल्या. सृष्टीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. दुसऱ्या दिवशी चौकट मागे घ्यावी असा विषय निघाला, परंतु पाहुण्यांच्या हस्ते बसवलेली वस्तू काढायची तर तीही त्यांच्याच हस्ते काढायला हवी, आणि त्यांची तारीख मिळेना.

उरलेल्या वीस फुटांत सराव सुरू झाला आणि एक आश्चर्य घडलं. विश्रामबागेत पाचशे चाळीसच्या आसपास रेंगाळणारी मुलगी आमच्या केंद्रात पहिल्याच आठवड्यात पाचशे बहात्तरवर गेली. सत्काराचा एवढा परिणाम होतो हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. मंचाने तातडीने दुसरा सत्कार ठेवला. त्यासाठी व्यासपीठापुढे सोफे आले. गुण पाचशे एक्क्याऐंशी. तिसरा सत्कार पतसंस्थांनी संयुक्तपणे केला आणि स्मृतिचिन्हं ठेवायला काचेचं कपाट दिलं. ते सोफ्यांपुढे ठेवलं. गुण पाचशे चौऱ्याण्णव. मी आलेखाच्या कागदावर सत्कार आणि गुण अशा दोन रेषा काढल्या. दोन्ही एकमेकींच्या हातात हात घालून वर चालल्या होत्या.

"काका," सृष्टी म्हणाली, "अंतर कमी झालंय म्हणून गुण वाढल्यात. आता मी नऊ फुटांवनं मारतीय. पुण्यात तेहतीस हाय."

मी तिचा हा विनय इतिवृत्तात नोंदवून घेतला.

पाचव्या सत्कारानंतर तिला व्यासपीठ, सोफे, कपाट आणि फुलदाण्या यांच्यापुढे जेमतेम उभं राहता येत होतं. हात लांब केला की पिस्तूल टारगेटपासून चार फुटांवर यायचं. त्या दिवशी तिने सहाशेपैकी सहाशे गुण घेतले. ही घटना अशीच सोडून देणं शक्य नव्हतं. मंचाची तातडीची सभा झाली आणि सांगली रस्त्याला, बंद पडलेल्या हळदीच्या गोदामाच्या भिंतीलगत, अभिनंदनाचा भव्य फलक लावायचं ठरलं. फलकाची परवानगी अर्ज केल्यापासून पन्नास मिनिटांत मिळाली.

फलक वीस फुटी होता. वर मध्यभागी पाहुणे, त्यांच्या बाजूला उदयसिंह, कोपऱ्यात सृष्टी आणि खाली शुभेच्छुकांची रांग. भिंत ओलसर असल्याने तो भिंतीपासून चार-पाच फूट सोडून बांबूच्या सांगाड्यावर ताणला होता. धुळा बघायला आला. तो पुढून बघायचं सोडून पाठीमागे गेला, काठीने काहीतरी मोजलं आणि बऱ्याच वेळाने बाहेर आला.

"उदयसिंहसायब, ह्यो अजून सोळा फूट वाढंल काय?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. बापाचं काळीज. उदयसिंहांनी त्याला व्यवसायातला नियम सांगितला: लांबी शुभेच्छुकांवर ठरते, फुटामागे दोन चेहरे, ज्याने त्याने आपल्या चेहऱ्याचे द्यायचे.

"म्हंजी बत्तीस तोंडं," धुळा म्हणाला. "आनतो."

चार दिवसांत त्याने बत्तीस फोटो आणले. पार जतपर्यंतचे नातेवाईक, दोन ऊसतोड टोळ्या, एक कंडक्टर. ज्यांचा फोटो आजवर आधारकार्डाखेरीज कुठे लागला नव्हता असे लोक आनंदाने तयार झाले होते. बत्तिसावा चेहरा एका मेंढ्याचा आहे हे फलक लागल्यावर आमच्या लक्षात आलं. मात्र एकंदर रांगेत तो वेगळा उठून दिसत नसल्याने बदलला नाही.

फलक छत्तीस फुटी झाला, आणि त्यानंतर सृष्टीने सराव केंद्रात येणं बंद केलं. सत्काराला मात्र दर रविवारी वेळेवर यायची. आम्ही समजलो, मुलीला आता सरावाची गरज उरली नाही.

एके दिवशी सकाळी फिरायला गेलो असता मला फलकातून आवाज आला. टक. मग बराच वेळ शांतता. पुन्हा टक. मी छत्री पुढे धरून सांगाड्याच्या मागे डोकावलो. एका टोकाला सृष्टी हात लांब करून उभी. दुसऱ्या टोकाला लोकर कोंबलेलं पत्र्याचं पिंप आणि त्यावर टारगेटचा कागद. तिच्या मागे पोत्यावर तिची आजी हरणाबाई छर्र्यांची डबी मांडीवर घेऊन बसलेली.

"काका, मोजून दहा मीटर हाय," सृष्टी पिस्तूल खाली ठेवत म्हणाली. "वारं न्हाई, ऊन न्हाई, पाव्हणं न्हाईत."

"अगं, पण तुझ्यासाठी केंद्र आहे."

"तितं मी सहाशे मारती. हितं पाचशे अडतीस. मला हितंच बरं."

"सेक्रेटरी," हरणाबाई म्हणाल्या, "ह्ये कापड कवा काडनार हाईसा?"

तेव्हा मला आठवलं. फलकाची मुदत परवा संपत होती आणि स्पर्धेला अजून चोवीस दिवस होते. मी तिथेच दगडावर बसलो. खरं सांगायचं तर मला त्या मुलीचं फार वाईट वाटलं. त्याहून वाईट हे वाटलं, की ही गोष्ट बाहेर फुटली तर सराव केंद्रात सराव होत नाही हे सिद्ध होईल. दोन्ही भावनांचा निष्कर्ष एकच निघत असल्याने मी घरी जाऊन अर्ज लिहिला: 'सदर शुभेच्छा संबंधितांपर्यंत अद्याप पूर्णतः पोहोचल्या नसल्याने फलकास मुदतवाढ मिळावी.' अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला. पुढे दर आठवड्याला असा एक अर्ज गेला आणि प्रत्येक वेळी नवा सत्कार कारण म्हणून जोडला. सृष्टीने एकही सत्कार नाकारला नाही. शाल खांद्यावर पडताना ती डोळे मिटून उजवा हात खांद्याच्या उंचीवर स्थिर धरायची. लोकांना तो आशीर्वाद वाटायचा.

बत्तीस चेहऱ्यांचे पैसे स्वतः भरून, विश्रामबागेच्या एका महिन्याच्या खर्चात धुळ्याने दीड महिना रेंज मिळवली होती, हे मला नंतर अनसूयाबाईंनी सांगितलं. तिने ते पुन्हा पुन्हा सांगितलं.

पुण्याला आम्ही दोन जीप भरून गेलो. तिथल्या रेंजवर आडव्या रांगेत दहा-दहा मीटरच्या पन्नास-साठ जागा बघून उदयसिंह हळहळले. एवढ्या जागेत एकही व्यासपीठ नव्हतं. फैरी सुरू होण्याआधी सृष्टीला हार घालायला आम्ही पुढे झालो, तर आम्हाला दाराबाहेर काढण्यात आलं. मी काचेतून बघत होतो. आयुष्यात इतके कागद पुढे सरकवले, पण कागदाला पडणारी भोकं बोटांवर मोजली ती त्या दिवशीच. शेवटच्या दहा गोळ्यांत तिला त्र्याण्णव हवे होते. चौऱ्याण्णव पडले. एकूण पाचशे एकसष्ट. धुळा काचेला डोकं टेकून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मीही रडलो, ते लपवत नाही.

एका वार्ताहराने तिला विचारलं, सराव कुठे करतेस?

"शुभेच्छुकांच्या पाठीमागं," ती म्हणाली.

बातमी आली: 'बहात्तर शुभेच्छुकांमुळेच यश मिळाले, नेमबाज सृष्टीची भावना.' अक्षरशः खरी असलेली बातमी मी प्रथमच वाचली.

त्याचा परिणाम असा झाला की मयूरी, अश्लेषा आणि शिवांजली या तीन मुलींनी दुसऱ्याच आठवड्यात मंचाकडे अर्ज केले. प्रत्येकीला दहा मीटर हवेत. एका सदस्याने हॉलमधलं व्यासपीठ पाडावं असं सुचवलं. सगळी सभा त्याच्याकडे अशी वळून बघू लागली की त्या सदस्याने आपलं वाक्य स्वतःच मागे घेतलं. व्यासपीठ पाडलं तर सृष्टीचा राष्ट्रीय पातळीवरचा सत्कार कुठे करायचा? अखेर पूर्ण विचारांती तीन नवे फलक मंजूर झाले. प्रत्येकी छत्तीस फूट, फुटामागे दोन चेहरे, एकूण दोनशे सोळा शुभेच्छुक.

अडचण एवढीच आहे की आमच्या गावातले चेहरे संपले आहेत. मंडळं, पतसंस्था, दोन्ही टोळ्या, सगळे एकदा लागून झाले. म्हणून हे निवेदन गावाबाहेरच्या वाचकांसाठी आहे. आपण इथवर वाचलंत, मध्ये एक-दोनदा मान हलवलीत, कदाचित धुळ्यापाशी थोडे गहिवरलातही. म्हणजे आपण शुभेच्छुक आहात. तरी आपला एक अलीकडच्या काळातला, हसरा फोटो मंचाकडे पाठवावा. मुलींची नावं लक्षात ठेवण्याची आवश्यकता नाही. जागा, वेळ किंवा आपल्या गच्चीची किल्ली आपल्याकडे कुणीही मागणार नाही, याची मंच लेखी हमी देतो.