चार टोप्या आणि एक प्लॅस्टर

काकू स्टुलावरून पडल्या तेव्हा नाताळला बरोबर एकवीस दिवस उरले होते आणि एकही टोपी विणून झालेली नव्हती. कपाटावरची लोकरीची पिशवी काढायला म्हणून त्या चढल्या. पिशवी हाताला लागली, पण स्टूल पायाखालून गेलं. लोकर एका बाजूला पडली, काकू दुसऱ्या. उजवं मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लॅस्टर चढलं आणि डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले.

“सहा आठवड्यांनी नाताळ नसतो, डॉक्टर,” काकू म्हणाल्या. ते आपल्या हातात नाही, असं डॉक्टरांनी नम्रपणे कळवलं.

दर नाताळला काकू बाहेरगावाहून येणाऱ्या चौघांना एकेक टोपी देत. लेक, जावई, नात आणि धाकटी नणंद. गेल्या वर्षी मात्र निघताना लेक म्हणाली होती, “आई, पुढच्या वेळी नको हं विणत बसू. डोळे दुखतात तुझे. आपण विकतच आणू.” बोलणं प्रेमाचं होतं, पण काकूंना ते वर्षभर सलत होतं. आई म्हातारी झाली, आता तिची गरज उरली नाही, एवढाच अर्थ त्यांनी त्यातून काढला. या वर्षी टोप्या झाल्या नाहीत तर लेकीचंच खरं होणार होतं आणि पुढे कायम दुकानातल्या टोप्या येणार होत्या.

“तुम्ही विणायच्या,” त्यांनी नवऱ्याला सांगितलं.

नवऱ्याचं कोपऱ्यावर सलून होतं आणि अख्खी गल्ली त्यांना काका म्हणे. ते म्हणाले, “अगं, मी कापणारा माणूस. जोडणं मला कुठलं जमायला?”

“कात्री धरता ना? तीच बोटं लागतात. आणि हे कुणाला कळता कामा नये. मीच विणल्या म्हणायचं.”

“आणि प्लॅस्टर?”

“कालच पडले म्हणायचं. टोप्या झाल्यावर.”

काकांनी मान डोलावली. लग्नाला चौतीस वर्षं झालेल्या माणसाची मान आडवी हलत नाही.

शिकवणी सुरू झाली. काकू खुर्चीत बसून, प्लॅस्टर उशीवर ठेवून उंटावरून शेळ्या हाकत होत्या आणि काका समोर क्रोशाची सुई घेऊन घामाघूम होत होते.

“साखळी झाली? आता मुका खांब.”

“मुका म्हणजे?”

“आखूड असतो आणि उगाच प्रश्न विचारत नाही. घट्ट ओढा. आवळा अजून. माझी वीण बघा, पाणी ठरेल तीत.”

काका ओढायचे, पण चाळीस वर्षं लोकांच्या कानाशी वस्तरा फिरवलेला तो हात. जोर लावायचा नाही, हेच तो शिकला होता. वीण सैलच पडायची. “ही टोपी आहे की मासे धरायचं जाळं?” काकू विचारायच्या आणि काका निमूटपणे उसवायचे. एका आठवड्यात एकाच टोपीचा शेंडा झाला. शेवटी त्यांनी लोकर सलूनमध्ये नेली. तिथे सैल म्हणणारं कुणी नव्हतं. मापांची तर गरजच नव्हती, चारही डोकी त्यांच्या हाताखालून गेलेली. जावयाचं मागून चपटं, बहिणीचा डावा कान जरा पुढे, सगळं बोटांना पाठ. काम भराभर होऊ लागलं. एका गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालावरचा साबण वाळला, तरी काका “एवढी ओळ संपवतो” म्हणत राहिले.

नाताळच्या पाच दिवस आधी चारही टोप्या त्यांनी ऐटीत काकूंसमोर मांडल्या. काकूंनी नातीच्या पांढऱ्या टोपीत डावा हात घातला आणि लगेच बाहेर काढला.

“अहो, हिला दाढी आलीये.”

सलूनमध्ये विणलेली लोकर. गल्लीतल्या निम्म्या माणसांचे बारीक केस तिच्यात जाऊन बसले होते. काकांनी टोप्या झटकल्या, ब्रशने घासल्या, दोनदा धुतल्या. केस आणखी आत शिरले. पुन्हा विणायला वेळ नव्हता. काकू म्हणाल्या, “आतून अस्तर लावायचं. मऊ कापडाचं.”

घरातलं सगळ्यात मऊ कापड म्हणजे काकूंचा निळ्या फुलांचा फ्लॅनेलचा गाऊन. बारा हिवाळे त्यांनी तो जिवापाड जपला होता. “हा?” काकांनी विचारलं. “कापा,” म्हणून काकूंनी तोंड फिरवलं. कापणं मात्र काकांना उत्तम जमत होतं.

शिवणाचं मशीन हाताने फिरवायचं होतं. त्याला चाकासाठी उजवा हात लागतो आणि कापडासाठी डावा. काकांचा उजवा आणि काकूंचा डावा असे दोन हात एका बाकावर बसले. “हळू फिरवा.” “तू सरळ धर.” इतका वेळ खांद्याला खांदा लावून ते दोघं कित्येक वर्षांत बसले नव्हते. दोघांनाही फार बरं वाटत होतं.

राहता राहिलं प्लॅस्टर. तीन आठवड्यांत ते पायपुसण्यासारखं दिसू लागलं होतं. काल घातलेलं प्लॅस्टर इतकं मळत नाही. काकांनी बुटांचं पांढरं पॉलिश चढवलं आणि वरून सलूनमधली पावडर फासली.

नाताळच्या दुपारी मंडळी आली. “आजी, तुझ्या हाताला पावडरचा वास का येतो?” नातीने पहिलाच प्रश्न टाकला.

“डॉक्टर हौशी आहेत,” काका म्हणाले.

टोप्या वाटल्या गेल्या. दर वर्षी सगळे टोपी घालत, हसत, आणि मळू नये म्हणून लगेच काढून ठेवत, अशी काकूंची समजूत होती. या वेळी कुणी काढलीच नाही. जावई टोपी घालून जेवला. नणंदेने टोपी घालून केक कापला. नात टोपीसकट सोफ्यावर झोपून गेली. काकूंना आभाळ ठेंगणं झालं.

“वहिनी, खरं सांगू?” केक खाता खाता नणंद म्हणाली. “इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझी टोपी घालून मला ऐकू येतंय.”

जावयालाही धीर आला. “हो ना. आधीच्या काढल्या की कपाळावर रेल्वेचे रूळ उमटायचे.” लेकीने टेबलाखालून त्याला लाथ मारली. ती काकांना लागली.

काकूंनी चमचा खाली ठेवला. “म्हणजे गेल्या वर्षी डोळे दुखतात म्हणालीस, ते?”

“दुखायचं ते डोकं, आई,” लेक खाली बघत म्हणाली. “आणि आमचं. तू इतक्या मायेनं विणायचीस, कसं सांगणार तुला?”

जिला जपण्यासाठी काकांनी तीन आठवडे खटाटोप केला, ती त्याच खटाटोपाने दुखावली होती. “या वर्षी लोकर जरा वेगळी आहे,” ते घाईघाईने म्हणाले.

“लोकर तीच आहे. विणणारा बदललाय,” काकू म्हणाल्या. “ह्यांनी विणल्या. माझा हात मोडून एकवीस दिवस झाले.”

लेक उठून आली. तिने प्लॅस्टर हातात घेतलं, तशी पावडर तिच्या बाहीला लागली. “आणि फोनवर रोज मजेत आहे म्हणत होतीस?” तिचे डोळे भरले होते.

“विकतच्या टोप्या यायला नको होत्या गं मला,” काकू म्हणाल्या. “मग तुम्हाला माझ्याकडून काय हवं राहिलं असतं?”

“तू हवीस. तेवढी टोपी सैल चालेल.”

काकू डोळे पुसून हसल्या आणि मग नवऱ्याकडे वळल्या. “आणि तुम्ही? तुम्हाला तर दर हिवाळ्यात नवी विणून घालते. जगाची डोकी कळतात तुम्हाला. चौतीस वर्षांत एका शब्दानं बोलला नाहीत?”

काकांनी स्वतःच्या डोक्यावरची गेल्या वर्षीची टोपी काढली. टकलाभोवती गोल लाल वळ उठला होता.

“स्वतःचं डोकं कुठलं ठाऊक असायला? ते कधी माझ्या खुर्चीत बसलंय?” ते गोंधळून म्हणाले. “आणि दुसऱ्या कुणाची टोपी मी कधी घातलीच नाही. मला वाटायचं, टोपी म्हणजे अशीच असते.”

काकूंनी डावा हात पुढे केला आणि त्या वळावरून हळूच बोट फिरवलं, पार एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत.

“उद्यापासून पाचवी घ्या विणायला. तुमच्यासाठी,” त्या म्हणाल्या. “आणि मी आवळा म्हटलं तरी आवळू नका.”

“घेतो,” काका म्हणाले आणि जुनी टोपी दोन्ही हातांनी ओढून त्यांनी पुन्हा डोक्यावर चढवली.