बटाट्यासाठी टांगलेला फोन

दोन माइकपैकी एक बंद करायचा होता आणि मी एक बंद केला. माझ्या हातून घडलं ते एवढंच. बाकीचं सगळं आईने केलं.

सात वर्षं परदेशात जीवशास्त्र शिकून मी घरी परतलो, तो शिक्षण सुधारायचंच असं ठरवून. (कोणी बोलावलं नव्हतं, पण सुधारक आमंत्रणाची वाट बघत बसला तर सुधारणा व्हायच्या कधी?) माझ्या जुन्या शाळेतले जीवशास्त्राचे सर निवृत्त झाले होते आणि दहावीच्या बेचाळीस मुलांना तो विषय चित्रकलेचे सर पुस्तकातून वाचून दाखवत होते. मुलं आकृत्या सुरेख काढत, पण त्या कशाच्या हे विचारलं की छताकडे बघत. परीक्षा तीन महिन्यांवर आलेली. मी तडक मुख्याध्यापिकाबाईंकडे गेलो आणि इंटरनेटवरून तास घेण्याची योजना मांडली.

तुम्ही दोन गल्ल्या पलीकडे तर राहता, चालतच का येत नाही, असं त्यांनी विचारलं. मी हसलो. मला एका शाळेचा नव्हे, शंभर शाळांचा विचार करायचा होता. शेवटी बाई म्हणाल्या, एक तास घेऊन दाखवा. जमला तर वर्षभर तुम्हीच, नाही जमला तर चित्रकलेचे सर आहेतच.

विषय होता श्वसन. तीन दिवस खपून मी साठ स्लाइड्स केल्या; फुप्फुसं गोल फिरत, रक्त रंग बदलत पळे. शेवटची पाच मिनिटं प्रात्यक्षिकाला ठेवली होती. पातळ पडद्यातून पाणी आरपार कसं जातं, हे दाखवायला मिठाच्या पाण्यात बटाट्याच्या चकत्या. त्यासाठी स्वयंपाकघरातल्या फळीला सुतळीने फोन टांगला, कॅमेरा बरोबर ओट्यावरच्या भांड्यावर. मी स्वतः बाहेरच्या खोलीत लॅपटॉपसमोर. घरात बजावून ठेवलं, तासभर आत कोणी जायचं नाही.

"तुझ्या बटाट्यापायी सगळ्यांनी उपाशी राहायचं का?" आईने एवढंच विचारलं. तो नकार आहे हे मला कळायला हवं होतं.

लॅपटॉप आणि फोन दोन्ही तासाला जोडलेले. दोन्हींचे माइक चालू राहिले तर कानठळ्या बसतात, म्हणून मी फोनचा माइक बंद केला. (म्हणजे मी तसं समजत होतो.) वर्गाचा आवाजही बंद ठेवायला सांगितला होता, शिकवताना व्यत्यय नको म्हणून. मुलं फक्त दिसत होती.

आणि काय दिसत होती! सुरुवातीला जरा खिदळली, मग पुढे झुकली. फुप्फुसातल्या वायुकोशांपाशी आलो तेव्हा पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी आ वासून उभीच राहिली. पुढच्या वाक्याला अख्ख्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. वायुकोशांवर असं प्रेम मी परदेशातही पाहिलं नव्हतं. तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला. मी ओठांवर बोट ठेवून स्वयंपाकघरात डोकावलो, दोघांकडे डोळे वटारून पाहिलं आणि पुन्हा माझ्या भक्तांकडे आलो. रंगात इतका होतो की बटाटा राहूनच गेला.

अर्ध्या तासाने मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला.

"असा तास या शाळेत पंचवीस वर्षांत झाला नाही," त्या म्हणाल्या.

मी नम्रपणे म्हटलं की पुढच्या आठवड्यात पचनसंस्था घेऊ.

"घेतील ना त्या?"

"कोण त्या?"

"तुमच्या आई. आणि वडिलांनाही बसवा. मुलांच्या मनातलं तेच विचारतात."

तासाचं रेकॉर्डिंग झालं होतं. मी ते लावलं. बंद केलेला माइक लॅपटॉपचा निघाला. आवाज ओट्यावरून येतोय म्हणून शाळेतल्या ऑपरेटरने ओट्याचंच चित्र पडदाभर लावलं होतं. साठ स्लाइड्स कोपऱ्यात, तिकिटाएवढ्या आणि मुक्या.

पडद्यावर माझी आई मासा साफ करत होती. तिच्या वडिलांचं बाजारात मासळीचं दुकान होतं. सातवीनंतर शाळा सुटली आणि ती तिथेच शिकली. गेल्या महिन्यात बाबा पोस्टातून निवृत्त झाले, तेव्हापासून ती त्यांना स्वयंपाक शिकवते आहे. गळ्याजवळचं झाकण उचलून ती म्हणत होती, हे कल्ले, याने तो श्वास घेतो, लाल असतील तर मासा ताजा.

"पण मग," बाबांनी पोस्टाच्या खिडकीवरून विचारावं तसं शांतपणे विचारलं, "बाहेर एवढी हवा असताना तो गुदमरून मरतो कसा?"

मी रेकॉर्डिंग थांबवलं. सात वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मीही कोणाला विचारला नव्हता.

आईने एक कल्ला अलगद कापला. माझ्या भांड्यातले बटाटे बाजूला काढले, पाणी बदललं आणि कल्ला त्यात सोडला. बरोबर कॅमेऱ्याखाली त्याची झालर उलगडली, एकेक धागा वेगळा, पिसासारखा. मग तिने तो वर उचलला. झालर मिटून लोळागोळा झाली.

"बघा, चिकटली," आई म्हणाली. "हवा आहे हो, पण ती घ्यायला जागा कुठे उरली?"

टाळ्या इथे होत्या. मी तो भाग तीनदा पाहिला आणि तिसऱ्यांदा मीही वाजवल्या.

आई आधी तयार होईना. अशी कळकट दिसत असेन मी, म्हणाली. मग एका अटीवर तयार झाली. मुलांचा आवाज चालू ठेवायचा, नाहीतर त्यांना कळलं की नाही हे मला कसं कळणार? (माझ्या साठ स्लाइड्समध्ये हा मुद्दा नव्हता.)

पुढच्या तासाला दोन वेण्यांच्या मुलीने पहिलाच हात वर केला. "मागच्या वेळी तोंडावर बोट ठेवून मध्येच एक काका येऊन गेले, ते कोण?"

"तो होय?" सुरी धुताधुता आई म्हणाली. "तो फोन टांगतो."

आणि वर माझ्याकडे बघून विचारलं, सुतळी नीट बांधली आहेस ना.