बर्फ वितळवणारा टिपणीस

टिपणीस सिंगापुरात कानटोपी घालून फिरतो. बुकित बातोकच्या आमच्या लिफ्टमध्ये माणसं घामानं निथळत असतात आणि हा लोकरीत. विचारलं तर म्हणतो, "काका, उत्तर जपानात आत्ता बर्फ पडतोय. आपलं लक्ष तिथं पाहिजे."

लक्ष ठेव की. टोपी कशाला?

हा माझा शेजारी. पन्नाशीचा, बिनलग्नाचा. तांजोंग पगार भागातल्या ऑफिसात पाइप विकतो. काचेचे धागे घालून केलेले प्लास्टिकचे पाइप. ते रुळांच्या कडेनं बसवायचे, त्यांतून गरम पाणी उडवायचं, की रुळांवरचा बर्फ वितळतो आणि गाडी सुटते. जिथं जन्मात बर्फ पडायचा नाही तिथं बसून हा माणूस बर्फ वितळवतोय. आणि स्वतः बर्फ पाहिलाय फक्त मोबाइलवर. "एकदा बघायचाय, काका," म्हणतो. दुसरी इच्छा नाही.

त्याचा पाइप गंजत नाही. म्हणून सगळ्या जगाला तीच परीक्षा. माझ्या सुनेनं इडली दिली की म्हणतो, "वा वहिनी, गंजणार नाही!" लग्नाच्या पाकिटावर लिहितो, 'संसार न गंजो.'

आमची ही गेली त्याला वर्ष होत आलं. भेटायला आलेले लोक आत्मा, नशीब, देवाची मर्जी असलं काहीबाही बोलून गेले. टिपणीस आला, शेजारी बसला आणि तासभर पाइपाच्या जाडीवर बोलला. असा राग आला मला! दुसऱ्या दिवशी परत हजर. तेव्हापासून रोज सकाळी चहाला येतो आणि पाइप सांगतो. मी चौथी शिकलेला, मला त्यातलं ओ का ठो कळत नाही.

मग जपानचं गिऱ्हाईक नवा पाइप बघायला येणार असं ठरलं. पसंत पडला तर हिवाळाभर तिथं राहून तो कसा चालतो ते टिपणीसनं बघायचं. म्हणजे खरा बर्फ! गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी त्यानं आमच्या बाथरूममध्ये तालीम घेतली. खालच्या हॉकर सेंटरमधून, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारातून, किसलेला बर्फ आणला. साधा मागितला होता, पण टपरीवरची बाई सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "नो सिरप नॉट नाइस, लाह!" आणि लाल सरबत ओतून वर गोड चवळी घातली. पाइप गरम पाण्याच्या नळाला जोडला. पाणी उडालं, बर्फ वितळला, चवळी माझ्या चष्म्यावर. बाथरूमभर लालच लाल. सून दारात येऊन किंचाळली, "बाबा! कोण पडलं?"

टिपणीस आतून ओरडला, "वहिनी, गाडी सुटली!"

गिऱ्हाईकानं पाइप पसंत केला. आणि हा गेलाच नाही. ऑफिसनं दुसऱ्याला पाठवलं. आधी म्हणाला गुडघे दुखतात, मग म्हणाला तिकडचं जेवण सोसत नाही. खरं काय ते माझ्या मुलानं काढलं. यानं ऑफिसात सांगितलं होतं, शेजारच्या म्हाताऱ्याला सकाळी सोबत नाही.

मी भडकलो. सकाळी आल्या आल्या धरला त्याला. "गाढवा, मी काय एका हिवाळ्यात मरतोय? एवढा बर्फ बघायचा होता ना तुला?"

तो खाली बघत म्हणाला, "तुमच्यासाठी नाही हो, काका. तिकडं मी बोलू कुणाशी?"

"इथं तरी कोण ऐकतं? मी ऐकत नाही तुझं."

"माहितीय," तो म्हणाला. "पण बसता ना."

मी चहा गाळला. त्याच्यापुढं कप सरकवला आणि म्हटलं, "बरं, सांग. त्या पाइपात पाणी किती गरम ठेवता?"