एक्केचाळीस चुका आणि एक प्रवेशपत्र

मुलीच्या विद्यापीठ प्रवेशपरीक्षेत चूक होऊ नये म्हणून बाबांनी चुकांचीच यादी केली. ते लिफ्टचे तपासनीस. दुसऱ्याच्या कामात खोट काढण्याचाच पगार बावीस वर्षं मिळत असल्यामुळे हात चांगला बसलेला. यादीत एक्केचाळीस चुका भरल्या. ती फ्रिजवर चिकटवली गेली आणि दूध काढायला जाणाऱ्यालाही आधी 'चूक सात : फाजील आत्मविश्वास' आणि त्याखाली 'चूक आठ : आत्मविश्वासाचा अभाव' वाचल्याशिवाय दार उघडता येईना.

मुलीला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. वर्षभर ती मान मोडून अभ्यास करत होती. बाबा दर तासाला दारात उभे.

"काय चाललंय?"

"वाचतेय."

"सलग दोन तास? चूक बारा. जरा पड."

ती पडली की दहा मिनिटांनी पुन्हा हजर. "झोपलीस? चूक तेरा!"

परीक्षेच्या आदल्या दुपारी त्यांनी प्रवेशपत्र ताब्यात घेतलं. "हे चुरगळलं तर? घामानं भिजलं तर? चहा सांडला तर?"

"चहा या घरात फक्त तुम्ही पिता," आई म्हणाली.

पण बाबा तोवर चपला घालून झेरॉक्सच्या दुकानाकडे निघाले होते. अर्ध्या तासानं परतले ते प्रवेशपत्र कडक प्लास्टिकमध्ये बंद करूनच. त्यांनी ते टेबलावर वाजवून दाखवलं. "आता पुरात वाहून गेलं तरी कोरडं!"

मुलीनं ते उलटं केलं आणि मोठ्यानं वाचलं, "प्रवेशपत्रास प्लास्टिकचे आवरण चढवू नये. पर्यवेक्षकासमोर चौकटीत सही करावी."

"मागची बाजू कोण वाचतं?" बाबा म्हणाले.

"चूक तीन," मुलगी म्हणाली. "सूचना न वाचणे."

मग बाबांनी ब्लेड घेतलं. ब्लेडनं जमेना म्हणून इस्त्री तापवली. प्लास्टिक सुटलं खरं, पण सुटताना फोटोतला मुलीचा डावा कान आणि बैठक क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे बरोबर घेऊन गेलं. मुलीचे डोळे भरून आले. वर्षभराचा अभ्यास एका कानावर अडला होता.

"त्यात काय! दुसरं छापून घेऊ," बाबा संगणकासमोर बसले. "पासवर्ड मीच बदललाय. कुणाच्या बापाला ओळखता येणार नाही असा."

"मग टाका की," आई म्हणाली.

बाबांनी कळफलकावर बोटं टेकवली आणि पुन्हा उचलली. "तोच आठवत नाहीये."

तीन प्रयत्न चुकले. पडद्यावर अक्षरं आली : 'आपले खाते चोवीस तासांसाठी बंद करण्यात आले आहे.' परीक्षा सतरा तासांवर होती. बाबांनी उघडलेलं तोंड आईनं नुसतं बघून बंद केलं. मुलीनं डोळे पुसले, पुस्तक उचललं आणि खोलीचं दार आतून लावून घेतलं.

सकाळी तिघं दोन तास आधीच केंद्रावर पोचली. वाटभर बाबांनी विनवणीचं भाषण पाठ केलं होतं. मदतीच्या खिडकीपाशी वाकून त्यांनी सुरुवात केली, "मॅडम, एका निरपराध मुलीच्या आयुष्याचा…"

आतल्या बाईंनी मानही वर केली नाही. "प्लास्टिक?"

"…हो."

"तुम्ही वडील?"

"हो."

"डावीकडची रांग."

डावीकडे पंधरा-वीस सद्गृहस्थ खाली मान घालून उभे होते. प्रत्येकाच्या हातात काहीतरी चकचकत होतं, नाहीतर त्याचे अवशेष. पुढच्यानं मागे वळून हळूच विचारलं, "तुम्ही वाफ दिलीत की इस्त्री?"

"इस्त्री."

"मी वाफ. शाईच गेली सगळी," तो समदुःखी म्हणाला.

नवं प्रवेशपत्र दोन मिनिटांत मिळालं, दोन्ही कानांसकट. फाटक उघडलं. "आधी सोपे प्रश्न! घड्याळाकडे लक्ष! घाई नको, पण वेळही…" बाबा ओरडत राहिले. मुलगी मागे न बघता आत गेली.

तीन तासांनी ती बाहेर आली ती हसतच.

"अवघड होता?" बाबांनी धसकून विचारलं.

"होता की."

"मग हसतेस काय?"

"आत कुणालाच बोलायची परवानगी नव्हती हो बाबा," ती म्हणाली. "पूर्ण तीन तास! इतकं डोकं मला वर्षभरात कधी चालवायलाच मिळालं नव्हतं."

बाबा यावर काहीतरी समजावून सांगणार होते. पण आईनं पाण्याची बाटली त्यांच्या तोंडाला लावली, आणि घरापर्यंत ती काही खाली येऊ दिली नाही.