सात मिनिटांचा धवला

महिला वृंदगानांच्या कार्यक्रमाची सुरुवात आपल्या सासूच्या धवल्याने करायची, ही दमयंतीबाईंची कल्पना त्यांच्या गायन मंडळातल्या सगळ्याजणींना फार आवडली. धवला म्हणजे आगरी लग्नातली मंगल गाणी. ती गाऊन लग्न लावते ती धवलारीण, आणि विचुंब्याच्या भामाबाई म्हणजे नावाजलेल्या धवलारीण. पंचक्रोशीतली निम्मी लग्नं त्यांच्या गळ्यातून लागलेली. हल्ली मांडवात डीजे वाजतो आणि भामाबाई घरी बसतात. शेवटचं बोलावणं येऊन सहा वर्षं झाली होती.

प्रश्न एवढाच होता, की सासूला विचारायचं कोणी.

कारण पंचक्रोशीची लग्नं लावणाऱ्या भामाबाईंच्या एकुलत्या एक मुलाचं, काशिरामचं लग्न नोंदणी कार्यालयात दहा मिनिटांत उरकलं होतं. मांडव नको, खर्च नको, हा हट्ट तेव्हा नुकत्याच शिक्षिका झालेल्या दमयंतीचा. भामाबाईंना बातमी कळली ती हातात पेढा पडल्यावर. त्या भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्यांनी सुनेला फक्त 'मॅडम' म्हणायला सुरुवात केली, तेही अहोजाहो करून. दमयंतीबाई स्वयंपाकघरात शिरल्या, की सासूबाई म्हणत, "ऱ्हाव दे मॅडम, तुमी बसा." मैत्रिणींना हेवा वाटे. पण पाहुणचार सत्तावीस वर्षं चालला तर पाहुण्याचं काय होतं, हे दमयंतीबाईंनाच ठाऊक. आपल्याला कधीतरी कोणीतरी 'अगं' म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

"आई, सात मिनिटं गायचंय," त्या भीतभीत म्हणाल्या.

"नवरा-नवरी कोन हाय?"

"बसवू कोणालातरी. नुसतं दिसायला."

भामाबाईंनी सुनेकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "बसवा," त्या म्हणाल्या.

कार्यक्रमाला पनवेलचं सभागृह गच्च भरलं. पाच वृंद, साठ गायिका, पाच हार्मोनियम आणि समोर गावागावांहून आलेल्या बाया. रंगमंचावर दोन पाट मांडले होते. एका पाटावर मंडळातली सगळ्यात तरुण गायिका पूर्वी, दुसऱ्यावर माइक लावायला आलेला प्रणित. तो झब्बा घालून आला होता, हीच त्याची पात्रता. दोघांना मुंडावळ्या बांधल्या.

भामाबाई दोन जोडीदारणींसह बसल्या आणि त्यांनी सूर लावला. शहात्तराव्या वर्षी आवाज थोडा फाटला होता, पण त्यात अजून जरब होती. आधी त्यांनी एकेका देवाला नाव घेऊन लग्नाला बोलावलं. मग मांडव आला, मग हळद. सातव्या मिनिटाला दमयंतीबाईंनी पडद्याआडून वेळ संपल्याची घंटा वाजवली. भामाबाईंनी शांतपणे हळदीच्या वाटीत बोटं बुडवली.

तोच तिसऱ्या रांगेत पूर्वीची आई, किशोरीताई, उठून उभ्या राहिल्या. "पूर्वी, ऊठ आधी. तुझं ठरलंय पुढच्या महिन्यात."

पूर्वी मुंडावळ्यांसकट पळाली. नवरी गेल्यावर नवरदेवाने थांबून काय करायचं, म्हणून प्रणितही माइक तपासायला निघून गेला. भामाबाई थांबल्या.

दमयंतीबाई धावत आल्या. "आई, इथंच संपवू या. छान झालं."

"संपवायचा कसा? देव बोलावलं, येऊन बसलं. आता त्यांना सांगू, की नवरी पलाली, तुमी घरा जा?"

समोरच्या बायांनी गंभीरपणे माना हलवल्या. अर्धा धवला टाकणं म्हणजे अपशकुन, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. प्रमुख पाहुण्यांनी भाषणाचा कागद घडी करून खिशात ठेवला.

"मग लग्न झालेलं एखादं जोडपं बसवू?" दमयंतीबाई म्हणाल्या.

"झालेल्यांचं परत कशाला? न झालेली पायजेत." भामाबाईंनी मान वर केली. पुढ्यातला माइक चालूच होता. "मॅडम, तुमचं लगीन झालंय?"

"आई, सत्तावीस वर्षं झाली."

"सही झाली. लगीन कवा झालं?"

पाचशे माणसांच्या नजरा दमयंतीबाईंकडे वळल्या. सभागृहाबाहेर गाड्या लावून घेणाऱ्या काशिरामला बोलावून आणलं. तो गळ्यातल्या शिट्टीसह आला, त्याने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि तो काही न विचारता पाटावर बसला. शेजारच्या पाटावर दमयंतीबाई बसल्या, दोन्ही गुडघे कुरकुरत.

हळद लागली. सासूची बोटं गालाला लागली तेव्हा दमयंतीबाईंच्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत हा हात आपल्याला पहिल्यांदाच लागतोय. नवऱ्याच्या आईचं गाणं आलं, तिथे भामाबाईंचा आवाज अडला. हजार आयांसाठी त्यांनी ते गायलं होतं, स्वतःसाठी कधीच नाही. जोडीदारणींनी ओळ उचलली. मग समोरच्या बाया गाऊ लागल्या, मग पाचही वृंद. सात मिनिटांची अठ्ठेचाळीस झाली. पाहुणे भाषणात एवढंच म्हणाले, "नवदांपत्याला शुभेच्छा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दमयंतीबाईंनी सगळ्यात आधी किशोरीताईंना फोन लावला. "माफ करा हो. पूर्वीला उगाच अवघडल्यासारखं झालं."

"माफी कसली? भामाआजींनीच बजावलं होतं मला. म्हणाल्या, घंटा वाजली की पोरीला उठव. तुम्हाला माहीत नव्हतं?"

दमयंतीबाईंनी फोन खाली ठेवला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली.

"दमे, ए दमे. नवी सून ना तू? आठ वाजलं. भाकऱ्या कोन थापनार?"

दमयंतीबाई आत धावल्या. त्यांनी तांदळाचं पीठ मळलं आणि त्रेपन्नाव्या वर्षी सासरची पहिली भाकरी थापली. ती तव्यावर टाकताना मधोमध फाटली. भामाबाईंनी ती उचलून उजेडात धरली आणि सगळ्या बाजूंनी पाहिली.

"साधी भाकरी येत नाय? आईनं काय शिकवलं गं तुला?"

सत्तावीस वर्षं वाट पाहिलेलं बोलणं अखेर पदरात पडलं. दमयंतीबाईंनी पिठाच्या हातानेच डोळे पुसले आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.